सासूबाई, दहा वर्षांचा मुलगा आणि जर्मनीतली म्युझियम: काय बघावं, काय सोडावं?

मेघना_दे

मंडळी, मदत हवी आहे. मेअखेरीला जर्मनीला जातोय. दीर फ्रँकफुर्टला असतो, त्यामुळे उतरणं आणि परतीचं विमान दोन्ही तिथूनच. गुरुवारी सकाळी पोचतो, परत निघणार त्याच्या पुढच्या आठवड्यात रविवारी रात्री. मध्ये बर्लिन आणि म्युनिक करायचं ठरलंय.

माणसं चार. नवऱ्याला इतिहासाचं वेड, त्याला बर्लिनमधलं बॅबिलॉनचं निळं इश्तार दार बघायचंच आहे. मुलगा दहा वर्षांचा, त्याला ट्रेनशिवाय दुसरं जग नाही. सासूबाई निवृत्त संस्कृत शिक्षिका. उत्साह आमच्या तिघांपेक्षा जास्त, पण गुडघे साथ देत नाहीत, अर्धा तास उभं राहिलं की खुर्ची लागते. आणि मी, जिला सगळ्यांच्या मागे पाण्याची बाटली घेऊन फिरायचंय.

सध्याचा बेत: शनिवारी बर्लिन गाठायचं, रविवार-सोमवार-मंगळवार बर्लिन, मग बुधवार ते शुक्रवार म्युनिक. बर्लिनला तीन दिवसांचा म्युझियम पास मिळतो म्हणे, तो घ्यावा का? एका दिवसात किती म्युझियम जमतात? आणि म्युनिकहून डाखाऊचा छळछावणीचा परिसर बघावा असं नवरा म्हणतो, मुलगा बरोबर असताना न्यावं का?

खादाड_बोका

इश्तार दार विसरा. पर्गमॉन म्युझियम ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद आहे. पर्गमॉनची वेदी आणि उत्तरेकडचा भाग २०२७ मध्ये उघडायचं जाहीर झालंय, पण निळं दार दक्षिणेकडच्या भागात आहे आणि तिथली तारीख आहे २०३७. तोवर तुमचा मुलगा स्वतःच्या खर्चाने आईबाबांना घेऊन जाईल.

आणि म्युझियम कसली बघता? ऱ्हाइनवर बोटीत बसा. र्‍यूडेसहाइमला चढायचं, सांक्ट गोआरला उतरायचं, दोन्ही काठांना किल्ले आणि द्राक्षांचे मळे. गुडघ्यांना याहून चांगलं काही नाही.

स्प्रेकाठची

मेघना, मी बर्लिनला राहते आणि उन्हाळा आला की आमच्याकडे माहेरची, सासरची, शेजारची, शेजाऱ्यांच्या ओळखीची अशी माणसं उतरतात. सगळ्यांना फिरवायचं काम माझ्याकडे, कारण नवरा पहिल्या म्युझियमच्या कॅफेत बसतो तो तिथून हलत नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. चिडू नकोस, पण तुझा बेत उलटा आहे.

जर्मनीत शहर ठरवण्याआधी वार बघायचा. बहुतेक म्युझियम सोमवारी बंद. तुझा बर्लिनचा सोमवार अर्धा वाया गेला. वर तो तीन दिवसांचा पास सलग तीन दिवसांचाच असतो. रविवारी सुरू केलास की सोमवार त्यात मोजला जातो, दारं मात्र बंद. पैसे गेले. मंगळवारी हुम्बोल्ट फोरम हे म्युझियम बंद. म्हणजे तीन दिवसांत धड एकच दिवस सगळं उघडं.

आता हाच आठवडा फिरवून बघ. शनिवारी फ्रँकफुर्टहून म्युनिकला जा, सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. रविवारी म्युनिकमध्ये दुकानं बंद, ती देशभर बंदच असतात, पण आल्ट पिनाकोथेक या चित्रसंग्रहालयाचं तिकीट रविवारी फक्त १ युरो. पिनाकोथेक डेर मोडर्नं आणि ब्रांडहोर्स्टलाही तेच. चार जणांत केवढा फरक पडतो बघ. सोमवारी डॉइचेस म्युझियम, ते सोमवारीही उघडं असतं. मंगळवारी बर्लिनला प्रवास. बुधवार, गुरुवार, शुक्रवार बर्लिनमध्ये सगळं उघडं, आणि पास घ्यायचाच असेल तर तो असा वापरायचा.

पास घ्यावा का? तुम्हा मोठ्यांना तीन दिवसांत तीन-चार ठिकाणी खरंच जायचं असेल तरच. मुलाला तर लागतच नाही, बर्लिनच्या सरकारी म्युझियममध्ये अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे. सासूबाई दिवसाला एकाहून जास्त ठिकाणी जाणार नाहीत, त्यांचं सुटं तिकीट काढ. अजून एक: जुन्या धाग्यांमध्ये "पहिल्या रविवारी बर्लिनमध्ये म्युझियम फुकट" असं वाचशील. ती योजना २०२४ संपताना बंद झाली.

एका दिवसात किती? एक. मी माझ्या पाहुण्यांना एका म्युझियममध्येही सगळं बघू देत नाही. दोन-तीन दालनं ठरवायची, तिथे नीट थांबायचं, बाहेर पडायचं. ज्यांनी म्युझियमबेटावरची सगळी एका दिवसात केली त्यांना संध्याकाळी विचारलं तर फक्त जिने आठवतात.

नॉयेस म्युझियम नवऱ्याला दे. बॅबिलॉन नाही तर इजिप्त. वेळेचं तिकीट आधी काढून ठेवायचं. इजिप्तची राणी नेफर्टिटी एका घुमटाखालच्या खोलीत एकटीच काचेत आहे, जेमतेम अर्ध्या मीटरचा पुतळा. १९१२ मध्ये अमार्नाच्या उत्खननात सापडली. फोटो काढायला त्या खोलीत बंदी आहे आणि ती मला फार आवडते, कारण लोक नाइलाजाने बघतात. सरळ समोर उभं न राहता थोडं बाजूला जा. मानेच्या स्नायूंचा ताण दिसतो, डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्या दिसतात. डाव्या डोळ्यात बुबुळ नाही, उजव्यात आहे. ही इमारत युद्धात बॉम्बने फुटली आणि कित्येक दशकं तशीच पडीक होती. २००९ मध्ये उघडली तेव्हा वास्तुकार डेव्हिड चिपरफील्डने जळके खांब आणि उडालेला गिलावा झाकला नाही. नवऱ्याला इतिहास आवडतो ना, मग भिंतीही बघायला सांग. वरच्या मजल्यावर सोन्याच्या पातळ पत्र्याची उंच टोकदार टोपी आहे, कांस्ययुगातली. तिच्यावरची वर्तुळं म्हणजे सूर्यचंद्राचं कालगणित असावं असं अभ्यासक म्हणतात. मुलाला ती नक्की आवडेल, जादूगाराचीच वाटते.

सासूबाईंना तिथून रस्त्यापलीकडे हुम्बोल्ट फोरमकडे ने. आत जायचा कंटाळा आला तरी बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची दगडातली प्रतिकृती उभी आहे, सुमारे १० मीटर उंच. २०२२ च्या डिसेंबरात बसवली. मूळ तोरण बघायला मान मोडून वर बघावं लागतं तसं इथेही लागतं, पण समोर मोकळी जागा आहे, लांबून बसून निवांत बघता येतं. माझ्या मावशीने तिथे उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या जर्मनांना जातककथा ऐकवल्या होत्या, मराठीत. कोणी हललं नाही. आत आशियाई कलेच्या विभागात मध्य आशियातल्या किझिलच्या बौद्ध गुहांमधली भित्तिचित्रं आहेत. ज्याने अजिंठा पाहिलाय त्याने ती चुकवू नयेत.

गुडघ्यांचं: बऱ्याच मोठ्या म्युझियममध्ये घडीची हलकी स्टुलं ठेवलेली असतात, कोटखान्यापाशी किंवा दालनाच्या दाराशी. उचलायचं आणि काखेत मारून फिरायचं, पैसे नाहीत. चाकाची खुर्चीही मागितली तर मिळते, फक्त आधी ईमेल टाक. पाठीवरची पिशवी साधारण ए-फोर कागदाहून मोठी असेल तर आत नेऊ देत नाहीत. लॉकरला १ किंवा २ युरोचं नाणं लागतं, परत मिळतं. कार्डावर जगणाऱ्या माणसांकडे नेमकं तेच नसतं, म्हणून दोन-चार नाणी वेगळी ठेव.

राइखस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, काचेच्या घुमटाला पैसे नाहीत, पण नावं आणि जन्मतारखा देऊन आधी नोंदणी करावी लागते, आणि पासपोर्ट बरोबर ठेवायचे. लिफ्ट थेट छतावर नेते, पुढे गोल चढत जाणारा उतार आहे, पायऱ्या नाहीत. सासूबाईंना जमेल. संध्याकाळची वेळ घे.

डाखाऊ. तिथे प्रवेश फुकट आहे, म्युनिकहून लोकल आणि पुढे बस, पोचायला सोपं. पण दहा वर्षांच्या मुलाला मी नेणार नाही. तिथली छायाचित्रं मोठ्यांनाही रात्री झोपू देत नाहीत. नवऱ्याने एकट्याने अर्धा दिवस जावं, तुम्ही तिघं म्युनिकमध्ये राहा. बर्लिनला मुलगा बरोबर असतानाही जाता येईल असं ठिकाण म्हणजे बेर्नाउअर रस्त्यावरचं बर्लिन भिंतीचं स्मारक. भिंतीचा खरा तुकडा, मधला मोकळा पट्टा, पहाऱ्याचा मनोरा, सगळं जागेवर आहे. मुलं तिथे प्रश्न विचारतात, उत्तरं देता येतात.

खादाड बोक्याचं ऱ्हाइनचं म्हणणं खरं आहे, पण ते फ्रँकफुर्टच्या दिवसांत बसवा, शुक्रवारी.

रुळमित्र

पोराचा मुद्दा सगळ्यांनी गुंडाळला! मी लिहितो.

मंगळवारी म्युनिक ते बर्लिन जाताना न्यूर्नबर्गला उतरा. गाडी तशीही तिथूनच जाते, म्युनिकहून साधारण एक तास. तिकीट काढताना मधला थांबा टाकायची सोय आहे, तिथे तीन तास टाका. सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये. रेल्वे म्युझियम स्टेशनपासून चालत जवळ आहे. तेही सोमवारी बंद असतं, तुमचा मंगळवार आहे, उत्तम.

जर्मनीतली पहिली वाफेची गाडी ७ डिसेंबर १८३५ ला न्यूर्नबर्ग ते फ्युर्थ धावली. इंजिनाचं नाव आडलर. म्युझियममधलं आडलर ही प्रतिकृती आहे, पण त्याच रेल्वेचा एक डबा मूळचा आहे. डबा म्हणजे घोडागाडीची पेटी रुळांवर ठेवलेली. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग, तोच तो परीकथेतल्या किल्ल्यांचा, त्याची खासगी आगगाडीही तिथे आहे. डब्याच्या माथ्यावर सोनेरी मुकुट. सासूबाईंनाही आवडेल.

म्युनिकला डॉइचेस म्युझियमची मुख्य इमारत इझार नदीतल्या बेटावर आहे. दुरुस्तीमुळे तिचा निम्मा भाग बंद आहे. विमानं, पूल, अवकाश वगैरे दालनं २०२२ मध्ये नव्याने उघडलीत, पण तुमचं गिऱ्हाईक ट्रेनवालं आहे, त्याला तिथे नेऊ नका. त्याच म्युझियमची वाहतूक शाखा तेरेझिएनहोहंला आहे, फेर्केअर्सत्सेंट्रुम. जुन्या प्रदर्शन सभागृहांत भरवलेली. वाफेची इंजिनं, ट्राम, आणि कार्ल बेंझची १८८६ ची मूळ तीनचाकी मोटर. जगातली पहिली मोटर म्हणतात ती हीच.

बर्लिनमध्ये डॉइचेस टेक्निकम्युझियम. आनहाल्टर स्टेशनची जुनी इंजिनशेड जशीच्या तशी आहे, रुळांवर इंजिनं ओळीने उभी. छतावर १९४८-४९ च्या नाकेबंदीत पश्चिम बर्लिनला धान्य-कोळसा पोचवणाऱ्या विमानांपैकी एक टांगलंय, रस्त्यावरूनच दिसतं. पोराला तिथून बाहेर काढायला वेळ लागेल, तेवढा धरून चला.

शहरातल्या लोकलची सूचना: स्टेशनवर यंत्रातून काढलेलं तिकीट बऱ्याच ठिकाणी फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. नाही मारला तर तिकीट नसल्यासारखंच, दंड ६० युरो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि अजिबात ऐकत नाहीत.

मेघना_दे

स्प्रेकाठची, रुळमित्र, काय लिहिलंय तुम्ही! सगळा बेत उलटा केला. नवऱ्याने इश्तार दाराचं दुःख नेफर्टिटीवर मिटवलंय.

दोन प्रश्न अजून. सुरुवातीच्या गुरुवारी, म्हणजे उतरू त्या दिवशी, फ्रँकफुर्टमध्ये सासूबाईंना झेपेल असं काही? आणि बर्लिनहून एक दिवस ड्रेस्डेन करावं असं दीर म्हणतो. जाऊ की नको? नुसत्याच मुकुट-दागिन्यांसाठी चार तास ट्रेनमध्ये घालवायचे का?

स्प्रेकाठची

फ्रँकफुर्ट: जर्मन कवी गटेचं जन्मघर. संस्कृतच्या बाईंना तिथे नाही न्यायचं तर कुठे? १७९१ मध्ये गेओर्ग फोर्स्टरने शाकुंतलाचं जर्मन भाषांतर छापलं आणि गटे ते वाचून वेडा झाला. त्याने त्यावर चार ओळी लिहिल्या, ज्या सासूबाईंना पाठ असतील, विचारून बघ. त्याच्या 'फाउस्ट' नाटकाच्या सुरुवातीला नाटक मंडळीचा जो प्रवेश आहे तो शाकुंतलातल्या सूत्रधार-नटीवरून सुचला असं मानतात. घर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जमीनदोस्त झालं, पण सामानसुमान आधीच हलवलं होतं, म्हणून १९५१ पर्यंत जसंच्या तसं पुन्हा बांधलं तेव्हा टेबलं, घड्याळं, चित्रं मूळचीच आत आली. आजीने नाताळात नातवाला दिलेला बाहुल्यांचा रंगमंचही आहे. जिने लाकडी आहेत, सासूबाईंनी सावकाश चढावं. शेजारीच २०२१ मध्ये उघडलेलं रोमँटिक काळाचं म्युझियम आहे, त्यांना दम लागला तर तिथे बसता येईल. गुरुवारी उशिरापर्यंत उघडं असतं, त्यामुळे दुपारी झोप काढून जा.

ड्रेस्डेन: जा. आणि मुकुट-दागिन्यांसाठी अजिबात नको, औरंगजेबासाठी जा.

थट्टा नाही. तिथल्या राजवाड्यात वरच्या मजल्यावर, नॉयेस ग्र्युनेस गेव्योल्बे नावाच्या भागात, "महान मोगल औरंगजेबाचा वाढदिवसाचा दरबार" आहे. योहान मेल्चिओर डिंग्लिंगर नावाच्या सोनाराने भावांना हाताशी धरून १७०१ ते १७०८ अशी सात वर्षं घालून तो केला, सॅक्सनीचा शासक ऑगस्ट द स्ट्राँग याच्यासाठी. सगळा मांड साधारण दीड मीटर रुंद. पायऱ्या चढत गेलेलं चांदीचं अंगण, मागे छत्राखाली बादशहा, आणि त्याच्यासमोर करंगळीएवढी माणसं आणि जनावरं, मिळून सव्वाशेच्या वर. कोणी हत्ती आणलाय, कोणी उंट, कोणी घोडे, कोणी ताटं. प्रत्येकाच्या अंगरख्यावर मीनाकारी आणि हिरे-माणकं-पाचू बसवलेले, हजारोंनी. काही माणसं साष्टांग पडलेली आहेत. मुलाला त्यांतली शोधायला लाव, काचेजवळ नाक लावून बसेल.

डिंग्लिंगर हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. युरोपी प्रवाशांची वर्णनं वाचून त्याने दरबार रचला आणि जिथे माहिती संपली तिथे चिनी, इजिप्ती, जे हाताला लागेल ते भरलं. तुम्हाला लगेच दिसेल, अर्धे सरदार पेकिंगहून आल्यासारखे आहेत. आता वर्षं पुन्हा बघ. तो तिथे एल्बकाठी हत्तींवर हिरे बसवत होता तेव्हा खरा औरंगजेब ऐंशी पार करून सह्याद्रीत चिखल तुडवत होता. ताराबाई लढत होती, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकेक किल्ले तो घेत होता आणि मराठे ते परत घेत होते. १७०७ मध्ये तो नगरजवळ भिंगारला वारला. दरबार पुरा झाला त्याच्या पुढच्या वर्षी. इतका लखलखीत वाढदिवस त्या म्हाताऱ्याने शेवटच्या वीस वर्षांत कधी पाहिला असेल असं वाटत नाही. तिथले जर्मन पर्यटक हिऱ्यांची संख्या वाचून पुढे सरकतात. आपली माणसं मात्र तिथे अर्धा तास वाद घालतात, मी ऐकलंय.

तिथेच चेरीच्या एका बीवर कोरलेले शंभरावर चेहरे आहेत, तेही मुलाला दाखव. आणि हिरवा हिरा, ४१ कॅरेटचा, भारतातून गेलेला. २०१९ च्या नोव्हेंबरात खालच्या मजल्यावर मोठी चोरी झाली तेव्हा तो न्यूयॉर्कला प्रदर्शनात होता.

खालचा ऐतिहासिक भाग वेगळा, त्याला ठरलेल्या वेळेचं तिकीट. वेळ कमी असेल तर तो सोड, वरचा बघ. राफाएलची सिस्टाइन मॅडोना पलीकडच्या झ्विंगर या जुन्या वाड्यातल्या चित्रसंग्रहात आहे, अंगात बळ उरलं तर. सासूबाईंना मधल्या वेळात एल्बकाठच्या गच्चीवर बसव.

खादाड_बोका

औरंगजेबाला भेटायला जर्मनी. बरं.

रुळमित्र

ड्रेस्डेनला राजवाडा मंगळवारी बंद आणि झ्विंगर सोमवारी बंद, तुमच्या गुरुवार-शुक्रवारला दोन्ही उघडे. बर्लिनहून सुमारे दोन तास. प्राग, व्हिएन्नाकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या घ्या, त्यात जेवणाचा डबा असतो आणि पोराला तो म्युझियमपेक्षा जास्त लक्षात राहील. जागा आधी राखून ठेवा, शुक्रवारी दुपारनंतर परतताना उभं राहावं लागतं, सासूबाईंचं कठीण होईल. म्हणून गुरुवारीच उरका.